काळी, पांढरी आणि कोळसा



मराठी मुलखात गावाच्या जमिनीला दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, काळी आणि पांढरी. नांगर चालतो ती काळी, वस्ती नांदते ती पांढरी. पांढरीचा रंग उगाच पांढुरका होत नाही. शेकडो वर्षांची चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, फुटलेली खापरे, जनावरांची हाडे, शेणाचे थर हे सारे एकावर एक साचत जाते आणि गाव हळूहळू स्वतःच्याच भूतकाळावर उंच होत जाते. विदर्भात गावोगावी दिसणारे पांढरीचे टेकाड म्हणजे मातीत लिहिलेले दप्तरच होय. ते वाचायला पुरातत्त्वज्ञ लागतो, पण ते राखायला गावकरीच लागतो.

रोहिणखेडच्या मंडळींना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील हे गाव आज लहान दिसते, पण घाटाच्या तोंडाशी वसलेल्या या गावावरून दख्खन आणि खानदेश यांचा रस्ता जात होता. इ. स. १४३७ मध्ये बहमनी सेनापती मलिक-उत्-तुज्जार याने खानदेशच्या नसीर खान फारुकीचा पराभव केला तो याच ठिकाणी. पुढे १५९० च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहा आणि खानदेशचा राजा अली खान यांनी जमाल खानाचा पाडाव केला तोही येथेच. या दोन लढायांच्या मधल्या काळात, १५८२ मध्ये, खुदावंद खान महदवी याने येथे मशीद बांधली. ती आज केंद्र सरकारच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. याच तालुक्यातील कोथळीची प्राचीन देवालयेही संरक्षित आहेत. एक मशीद, दुसरी देवळे; पण कायदा दोघांनाही एकच न्याय लावतो. तो स्मारकाला धर्म विचारत नाही, वय विचारतो. शंभर वर्षे पूर्ण केलेली आणि इतिहासाच्या वा कलेच्या दृष्टीने महत्त्वाची वास्तू ही त्याच्या लेखी राष्ट्राची ठेव असते.

आता प्रश्न असा निर्माण होईल की, कोळशाच्या खाणींचा विषय रोहिणखेडात कशासाठी? बुलढाण्याच्या जमिनीखाली कोळसा नाही. येथे आहे तो काळा पाषाण, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा खडक. हे खरे आहे. पण कोळशासाठी जमीन कशी घेतली जाते, त्या वाटेवर प्राचीन अवशेषांचे काय होते आणि सामान्य नागरिकाला बोलण्याची संधी नेमकी केव्हा मिळते, हे ज्याला समजले त्याला गिट्टीची खाण, मुरुमाचे उत्खनन आणि रस्त्याचे रुंदीकरण हे सारेच समजते. शिवाय आपल्या घरातील दिवा ज्या विजेवर पेटतो ती पूर्व विदर्भाच्या कोळशावर तयार होते. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. ज्याच्या उजेडात आपण बसतो, त्याच्या राखेचाही विचार करणे हे आपले कर्तव्य ठरते.

कोळसा आणि अवशेष एकाच खोऱ्यात का?

विदर्भाचा कोळसा हा गोंडवन काळातील खडकांत आहे. पश्चिमेकडे या खडकांवर लाव्ह्याचे जाड थर पसरलेले आहेत. वर्धा, पैनगंगा आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत मात्र हे जुने खडक पृष्ठभागाजवळ येतात. म्हणून वणी, माजरी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर, उमरेड, कामठी, सावनेर ही नावे कोळशाच्या नकाशावर आली. १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्‌स या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे, ते याच कारणाने.

परंतु नदीकाठ केवळ कोळशालाच प्रिय नाही. पाणी, सुपीक जमीन आणि वाहतुकीची वाट जेथे, तेथे माणूस. म्हणूनच पुरातत्त्वाचा नकाशा कोळशाच्या नकाशावर ठेवला तर दोहोंची नावे शेजारी शेजारी येतात. नागपूर जिल्ह्यातील शिळावर्तुळे म्हणजे मोठ्या दगडांच्या वर्तुळात पुरलेली लोहयुगीन दफने. जुनापाणी येथील वर्तुळांची नोंद रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच केली. टाकळघाट, खापा, माहुरझरी येथे डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनने केली. पारशिवनी तालुक्यातील नायकुंड येथे तर लोखंड वितळवण्याची भट्टीच मिळाली. ज्या तालुक्यात आज गोंडेगावची उघडी खाण आहे, त्याच तालुक्यात अडीच हजार वर्षांपूर्वीचा विदर्भवासी लोहारकाम करीत होता. भारताला लोखंडाचे तंत्र कोणी बाहेरून आणून दिले की येथे ते स्वतंत्रपणे वाढले, या वादात नायकुंडसारखी भट्टी हा पुरावा असतो. ती जर उत्खननाआधीच यंत्राच्या फावड्यात गेली असती, तर तो पुरावा कायमचा गेला असता आणि तो गेला हेही कोणाला कळले नसते.

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचे उदाहरण अधिक बोलके आहे. जुने भांदक ते हेच. येथे विजासनची बौद्ध लेणी आहेत, भद्रनागाचे मंदिर आहे, पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४ चा ताम्रपट येथेच सापडला. कनिंगहॅमने गेल्याच्या गेल्या शतकात या गावाच्या अवशेषांचे वर्णन केले. या एका गावात हिंदू, बौद्ध आणि जैन या तिन्ही धारा शेजारी नांदल्या. आणि या गावाच्या अवतीभवती माजरी, तेलवासा, ढोरवासा, बरांज ही नावे आज कोळसा खाणींची नावे म्हणून ओळखली जातात.

चंद्रपूर शहरात लालपेठ या नावाची तीच गत. लालपेठ म्हटले की कामगाराला कोळशाची खाण आठवते. पण त्याच लालपेठेत एकसंध शिळांतून कोरलेल्या अतिप्रचंड मूर्ती उघड्यावर पडलेल्या आहेत. रायप्पा नावाच्या एका धनिकाने भव्य देवालयाचा संकल्प केला, मूर्ती घडवल्या आणि देवालय उभे राहण्याआधीच त्याचा अंत झाला, अशी लोकपरंपरा आहे. हे अपूर्ण देवालय संरक्षित स्मारक आहे. एकाच नावाखाली राष्ट्राची ऊर्जा आणि राष्ट्राची स्मृती अशा दोन्ही गोष्टी नांदत आहेत. दोन्ही राखता येतील काय, हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

खाणीमुळे स्मारकाचे काय होते?

उघड्या खाणीत स्मारक थेट खणले जाते असे क्वचितच घडते. हानी होते ती शेजारून. पहिली हानी सुरुंगाच्या हादऱ्याची. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९९७ च्या परिपत्रकात या हादऱ्यांच्या मर्यादा ठरवून दिल्या आहेत. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी, कमी वारंवारितेच्या कंपनात, जमिनीच्या कणांचा वेग सेकंदाला २ मिलिमीटरच्या पुढे जाता कामा नये, असे त्यात म्हटले आहे. सामान्य घरांसाठी हीच मर्यादा ५ मिलिमीटर आहे. म्हणजे जुन्या भिंतीला नव्या घरापेक्षा अडीचपट जपायचे, हे शास्त्राने मान्य केले आहे. प्रश्न आहे तो मोजमापाचा. हादरा मोजणारे यंत्र स्मारकापाशी ठेवले आहे काय, त्याच्या नोंदी कोण पाहतो, हे विचारणारा कोणी हवा.

दुसरी हानी जमीन खचण्याची. भूमिगत खाणीतून कोळसा काढल्यावर खाली पोकळी उरते. खांब सोडले, वाळू भरली तर जमीन टिकते. अन्यथा कित्येक वर्षांनंतरही वरचा भाग खाली बसू शकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुस येथे एक राहते घर क्षणार्धात जमिनीच्या पोटात गडप झाले. सुदैवाने माणसे बचावली. त्या भागाखाली जुन्या भूमिगत खाणीचे काम झालेले होते. घर बोलते, त्याची बातमी होते. शेतातील शिळावर्तुळ खचले तर त्याची बातमी कोण देणार?

तिसरी हानी सर्वांत मोठी आणि सर्वांत निमूट. कोळशाच्या वरची माती, मुरूम आणि खडक काढून बाजूला त्यांचे डोंगर रचले जातात. खाण ज्या क्षेत्रात चालते त्याहून कितीतरी अधिक जमीन या ढिगाऱ्यांना, रस्त्यांना, रेल्वेच्या फाट्याला आणि वसाहतीला लागते. पांढरीचे टेकाड अशा डोंगराखाली एकदा गाडले गेले की, ते पुढच्या अनेक पिढ्यांना उपलब्ध राहत नाही.

कायदा काय सांगतो?

प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष यासंबंधीचा केंद्रीय कायदा १९५८ सालचा आहे. त्याच्या कलम १९ नुसार संरक्षित क्षेत्रात मालकालाही केंद्राच्या अनुमतीवाचून खाणकाम, दगड काढणे, खोदणे किंवा सुरुंग उडवणे करता येत नाही. १९५९ च्या नियमांत खाणकामाची व्याख्या इतकी व्यापक आहे की, खनिजाचा शोध घेण्यासाठी केलेले कामही तीत येते. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंतचे क्षेत्र नियंत्रित ठरवले. २०१० च्या दुरुस्तीने या अंतरांना कायद्याचे बळ दिले आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. राज्याच्या यादीतील स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे.

हे झाले स्मारकाच्या बाजूचे. कोळशाच्या बाजूला १९५७ चा कोळसाधारक क्षेत्र संपादन कायदा आहे. त्याची वाट पायरीपायरीने जाते. कलम ४ ची अधिसूचना निघते ती कोळशाचा शोध घेण्यासाठी. कलम ७ ची निघते ती जमीन घेण्याचा मनोदय सांगण्यासाठी. त्यानंतर ३० दिवसांच्या आत हितसंबंधी व्यक्तीला हरकत नोंदवता येते. मग कलम ९ ची घोषणा होते आणि जमीन सरकारची होते. ही अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापली जाते. राजपत्र चावडीवर कोण वाचतो? ३० दिवस निघून जातात आणि गावाला जाग येते ती मोजणीची माणसे बांधावर उभी राहिल्यावर.

तिसरी वाट पर्यावरण मंजुरीची. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार खाणीचा अर्ज करणाऱ्याने एक प्रपत्र भरायचे असते. त्यात प्रकल्पाच्या हद्दीपासून १५ किलोमीटरच्या परिघात, कायद्याने संरक्षित असलेली निसर्ग वा संस्कृतीच्या दृष्टीने मोलाची कोणती क्षेत्रे आहेत, त्यांची नावे आणि अंतरे लिहायची असतात. वनजमीन लागत असेल तर वनखात्याच्या अर्जातही संरक्षित पुरातत्त्वीय वा वारसा स्थळ आहे काय, असा स्पष्ट प्रश्न आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने किमान ३० दिवसांची सूचना देऊन जनसुनावणी घ्यायची असते. तिचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी दर्जाचा अधिकारी भूषवतो. अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करून द्यायचा असतो. लेखी म्हणणेही देता येते. विस्ताराच्या काही प्रकरणांत या सुनावणीतून सूट दिली जाते, म्हणून पहिली सुनावणी हातची जाऊ देणे परवडणारे नाही.

कागदावर एवढे सारे आहे. मग उणीव कोठे आहे?

उणीव यादीत आहे. हे सर्व प्रश्न विचारले जातात ते संरक्षित स्थळांविषयी. देशभरात केंद्राच्या संरक्षणाखाली सुमारे ३,७०० स्मारके आहेत, महाराष्ट्रात त्यांपैकी तीनशेहून कमी. एवढ्या मोठ्या आणि एवढ्या प्राचीन राज्यात वारसा तीनशे ठिकाणांत मावत नाही, हे उघड आहे. गावाबाहेरची बारव, वीरगळ, सतीशिळा, शिळावर्तुळ, पांढरीचे टेकाड यांपैकी बहुतेकांची नावे कोणत्याही यादीत नाहीत. यादीत नाव नाही म्हणून प्रपत्रात उत्तर येते, ‘नाही’. उत्तर खोटे नसते, पण सत्यही नसते. संरक्षित यादीबाहेरच्या भूमीवर खाणीपूर्वी पुरातत्त्वज्ञाने पाऊल ठेवलेच पाहिजे, अशी सर्वसाधारण सक्ती आपल्याकडे नाही. ही पोकळी भरण्यासाठी २००७ साली स्मारके आणि पुरावस्तूंच्या नोंदीचे राष्ट्रीय अभियान सुरू करण्यात आले, पण गावांच्या सहभागावाचून अशी नोंद पूर्ण होणे शक्य नाही.

जेथे समाज जागा झाला

जेथे कोणी जागे राहिले, तेथे काय घडले तेही पाहण्यासारखे आहे. कर्नाटकात होस्पेटजवळ जंबुनाथेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. भोवतालच्या लोहखनिजाच्या खाणकामाने मंदिराची हानी होते, ही तक्रार घेऊन एक नागरिक न्यायालयात गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि जुलै २०१३ मध्ये न्यायालयाने मंदिराच्या बाजूने निर्णय दिला. तज्ज्ञ समितीकडून पाहणी करवून, स्मारकाच्या भोवती खाणकामाला आवर घालण्यात आला. हे मंदिर केंद्राच्या नव्हे, राज्याच्या कायद्याखाली संरक्षित होते, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मध्य प्रदेशात मुरैना जिल्ह्यातील बटेसर येथे गुर्जर-प्रतिहार काळातील सुमारे दोनशे लहानमोठी मंदिरे ढिगाऱ्यात पडलेली होती. पुरातत्त्व विभागाचे अधिकारी के. के. मुहम्मद यांनी दगडाला दगड जुळवून ती उभी करायला सुरुवात केली. परिसरातील अवैध दगडखाणींच्या सुरुंगांनी उभी केलेली मंदिरे पुन्हा धोक्यात आली, तेव्हा मुहम्मद यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तत्कालीन सरसंघचालक कुप्प. सी. सुदर्शन यांना पत्र लिहिले. त्यानंतर यंत्रणा हलली आणि खाणकाम थांबले. हा प्रसंग स्वतः मुहम्मद यांनी नंतर जाहीरपणे सांगितला आहे. मंदिरे वाचवणारा हात कोणाचा होता आणि त्याने कोणाचे दार ठोठावले, यातच या प्रश्नाचे खरे राष्ट्रीय स्वरूप दिसते.

आपल्या चंद्रपूरचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. ताडोबालगतच्या लोहारा येथील कोळसा खाणीच्या प्रस्तावाविरुद्ध २००९ साली शहर उभे राहिले. इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे उपोषणाला बसले आणि अखेर तो प्रस्ताव बारगळला. त्याच बंडू धोतरे यांनी २०१७ मध्ये गोंडकालीन चंद्रपूर किल्ल्याच्या सुमारे ११ किलोमीटर लांबीच्या तटाची श्रमदानाने स्वच्छता हाती घेतली. दोनशेहून अधिक दिवस तरुणांच्या तुकड्या रोज पहाटे झुडपे तोडत, कचरा काढत राहिल्या. पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या कार्याचा गौरव केला. २०२० मध्ये व्यापारी खाणकामासाठी लिलावात ठेवलेल्या पट्ट्यांत ताडोबाच्या परिसरातील बंदर हा पट्टाही होता. विरोधानंतर तो यादीतून वगळण्यात आला.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. वाघासाठी समाज बोलला, म्हणून वाघाचा मार्ग वाचला. वाघाच्या वाटांचे नकाशे तयार होते, म्हणून बोलता आले. प्राचीन स्थळांचा नकाशा तयार नसेल तर बोलायचे तरी कशाच्या आधारावर?

कोळसा आणि पुरातत्त्व यांचे हाडवैर असलेच पाहिजे असे नाही. जर्मनीत शोनिंगेन येथील लिग्नाइटच्या उघड्या खाणीत यंत्रांच्या पुढे पुढे पुरातत्त्वज्ञ काम करीत राहिले. १९९० च्या दशकात हार्टमुट थीमे यांना तेथे किमान दोन लाख वर्षांपूर्वीचे लाकडी भाले सापडले. आदिमानवाच्या शिकारीविषयीच्या जगाच्या कल्पना त्या भाल्यांनी बदलून टाकल्या. कोळसाही निघाला आणि ज्ञानही निघाले. कारण खोदण्याआधी पाहण्याची व्यवस्था तेथे होती. आपल्या झारखंडात हजारीबागजवळील इस्कोच्या चित्रगुहांसाठी बुलू इमाम यांना वर्षानुवर्षे एकाकी झगडावे लागले. दोहोंतील अंतर खनिजसंपत्तीचे नसून व्यवस्थेचे आहे.

दुसरी बाजू

या विषयाला दुसरी बाजूही आहे आणि ती प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. कोळसा पट्ट्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला जमिनीचा मोबदला आणि घरातील एकाला नोकरी ही आयुष्य पालटणारी गोष्ट वाटते. त्याला शिळावर्तुळासाठी थांबायला सांगणारा शहरी माणूस परका वाटला तर त्यात त्याचा दोष नाही. संरक्षित स्मारकाशेजारी राहणाऱ्याचे दुःख निराळेच. १०० मीटरच्या आत त्याला नवी खोली बांधता येत नाही. जुने घर दुरुस्त करायलाही परवानगी लागते. मुलाचे लग्न ठरले तरी वर मजला चढवता येत नाही. म्हणून शेतात मूर्ती निघाली तर ती गुपचूप पुन्हा पुरली जाते, नाहीतर विकली जाते. १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पण कळवले तर आपली जमीन जाईल, ही भीती त्या कायद्याहून मोठी ठरते.

ही भीती घालवल्यावाचून वारसा वाचणार नाही. वारशाचा सगळा भार त्याच्या शेजारच्या गरिबाने वाहायचा आणि अभिमान मात्र दूरच्यांनी मिरवायचा, हा न्याय नव्हे. स्मारकाजवळच्या कुटुंबांना गावठाणात दुसरी जागा मिळावी, स्मारकाच्या देखभालीचे काम गावातील हातांना मिळावे, खाण कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून खाणपूर्व सर्वेक्षण आणि गावातील छोटे संग्रहालय उभे राहावे, या मागण्या रास्त आहेत. आणि प्रत्येक जुना दगड वाचेल, असेही म्हणता येणार नाही. काही स्थळे जागेवर राखायची असतात, काहींचे शास्त्रीय उत्खनन करून नोंद ठेवायची असते आणि मग भूमी मोकळी करायची असते. निवड करावी लागेल, पण ती डोळे उघडे ठेवून करावी. न पाहता गमावणे हे मात्र अक्षम्य आहे.

रोहिणखेडात काय करता येईल?

तेव्हा रोहिणखेडपासून आरंभ करता येतो. येथे कोळसा नाही, पण काळा दगड आहे. गिट्टीच्या खाणींना, मुरुमाच्या उपशाला परवानगी देण्याचे काम महसूल यंत्रणा राज्याच्या २०१३ च्या गौण खनिज नियमांनुसार करते. म्हणजे निर्णय दिल्लीत नव्हे, तालुक्यात आणि जिल्ह्यात होतो. तेथे गावाचा आवाज लवकर पोहोचतो.

पहिले काम यादीचे. गावातील मशीद, जुन्या तटाचे अवशेष, बारवा, वीरगळ, देवळे, पांढरीचे टेकाड या प्रत्येकाचा गट क्रमांक, छायाचित्र आणि वयोवृद्धांनी सांगितलेली माहिती एका वहीत उतरवावी. शाळेतील मुले आणि शिक्षक हे काम एका उन्हाळ्यात करू शकतात. दुसरे काम ठरावाचे. ही यादी ग्रामसभेत वाचून मंजूर करावी आणि तिच्या प्रती तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व विभाग यांना देऊन पोच घ्यावी. ग्रामसभेचा ठराव म्हणजे स्मारकाला कायद्याचे कवच मिळाले असे नव्हे, पण उद्या कोणाच्या अर्जावर ‘येथे काही नाही’ असे लिहिले गेले तर तेव्हा दाखवायला कागद हाती राहतो. तिसरे काम जागरूकतेचे. राजपत्रातील अधिसूचना, जनसुनावणीच्या जाहिराती आणि लिलावाच्या याद्या पाहण्याची जबाबदारी प्रत्येक तालुक्यात एकदोघा सुशिक्षितांनी घ्यावी. कोळसा पट्ट्यात आपले बांधव आहेत, नातेवाईक आहेत. वणीच्या, भद्रावतीच्या गावाला ३० दिवसांची मुदत कळली पाहिजे ती पहिल्या दिवशी, एकतिसाव्या दिवशी नव्हे.

चौथे काम मनाचे आहे आणि ते सर्वांत अवघड आहे. वारसा म्हणजे केवळ आपल्याला प्रिय असलेला वारसा नव्हे. रोहिणखेडची मशीद, कोथळीची देवळे, विजासनची लेणी, नायकुंडची भट्टी, लालपेठेच्या अपूर्ण मूर्ती ही सारी याच भूमीच्या पोटातून आणि याच समाजाच्या हातून आलेली आहेत. यातील एकासाठी उभे राहायचे आणि दुसऱ्याच्या वेळी मान वळवायची, असे जो करतो त्याच्या पहिल्या मागणीचेही वजन उरत नाही.

काळीने या देशाला अन्न दिले, कोळशाने उजेड दिला. पांढरीने काही मागितले नाही. ती फक्त सांभाळत राहिली. काळी एक वर्ष पडीक राहिली तरी पुढच्या वर्षी पिकते. कोळसा संपला तर सूर्य आहे, वारा आहे. पांढरी मात्र एकदाच असते. ती एकदा उपसली की, तिच्या जागी दुसरी पांढरी व्हायला पुन्हा हजार वर्षे लागतात. रोहिणखेडच्या वहीत पहिल्या स्थळाची नोंद या उन्हाळ्यात झाली, तर त्या हजार वर्षांचे काही अंशी तरी ऋण फेडल्यासारखे होईल.